खोटा ताप

४ जून

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज पेन उचलतोय, त्याबद्दल आधी कान पकडतो. तुझ्या वहिनीने दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा लिहायचं पॅड आणून समोर आपटलं. तिचा गुडघा तसाच आहे. जिना उतरताना मला बोलते, चढताना जिन्याला.

इथे महिनाभर जीव नको झाला होता. तुरुंगाच्या दवाखान्यात वीस खाटा आणि डॉक्टर मी एकटा. त्यात एका कैद्याला न्यूमोनिया झाला, दोन्ही फुप्फुसं धरली. मोठ्या रुग्णालयात हलवायची परवानगी मिळेना, तेव्हा ऑक्सिजनची नळकांडी इथेच आणवली. नऊ दिवस मी त्याच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसलो. दहाव्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? 'ही भिंत कुणी रंगवली? ओल सुकायच्या आधीच हात मारलाय.' बाहेर असताना तो घरं रंगवायचा. इथे सगळे त्याला रंगारीच म्हणतात.

आता तो चालतो, फिरतो, दोन वेळा जेवतो. परवा अधीक्षकांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणाले, 'डॉक्टर, तुम्ही खात्याचं नाक राखलंत.' एकतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठाने पाजलेला हा दुसरा चहा. पहिला बदलीचा हुकूम हातात देताना पाजला होता.

निवृत्तीला नऊ महिने राहिले. झोप नीट लागत नाही, पण ते वयाचं असेल.

तुझा दादा


१२ जून

दादा, नमस्कार.

'तीर्थरूप' वगैरे लिहिलं की तू हसतोस, म्हणून नुसताच नमस्कार.

तुझं पत्र ग्रंथालयात वाचून दाखवलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, 'तुमचे दादा फाटलेली माणसं शिवतात, तुम्ही फाटलेली पुस्तकं.' मी म्हटलं, पुस्तक शिवताना कुरकुर करत नाही, एवढा फरक. सध्या एक जुना शब्दकोश हातात आहे. कणा पार गेलाय, 'क'पासून 'ज'पर्यंत पानं सुटी. सकाळी खळ शिजवायची, दुपारी दाभण घेऊन बसायचं, संध्याकाळी दाबयंत्रात घालून घरी. तळघरात गार असतं, ते बरं.

पण तू काहीतरी हातचं राखून लिहितोस. पूर्वी एखादा माणूस वाचला की चार पानं लिहायचास, त्याची नाडी, त्याची बायको, त्याने काय खाल्लं ते सगळं. ह्या खेपेला एक पान, आणि त्यातही झोप लागत नाही. वहिनीशी काही झालंय का? दोघं आता एकमेकांना पुरायचे आहात, जरा नमतं घे.

माझं ठीक चाललंय. हल्ली मागच्या दाराने ये-जा करते, वाचनकक्षातून वळसा पडत नाही.

रंगाऱ्याची शिक्षा कधी संपते? सुटला की इकडे पाठव. आमच्या वाचनकक्षाच्या भिंतींचे पोपडे वाचकांच्या डोक्यावर पडतात.

ठमी


२० जून

ठमे,

रंगारी सुटणार नाही. त्याला फाशी झालेली आहे.

हे आधीच्या पत्रात लिहायला हवं होतं. तुझ्यामुळे लिहवलं नाही, आणि थोडं माझ्यामुळे.

आठ वर्षांपूर्वी बायको माहेरी निघून गेली म्हणून त्याने सासऱ्याच्या घराला बाहेरून कडी घातली आणि आग लावली. आत बायको, सासू, सासरा आणि त्याचा स्वतःचा सहा वर्षांचा मुलगा. मुलगा आत आहे हे माहीत नव्हतं, असं तो म्हणतो. बाकीचे तिघं आत आहेत हे माहीत होतं, असंही तोच म्हणतो. अकरा वर्षांची मुलगी त्या दिवशी मैत्रिणीकडे होती, म्हणून राहिली. त्याने काहीच नाकारलेलं नाही. म्हणजे चुकून माणूस भलताच धरला, असला काही आधारही मला नाही.

दयेचा अर्ज एप्रिलमध्ये फेटाळला गेला. तारीख पडणार तोच न्यूमोनिया. आजारी माणसाला फाशी देता येत नाही, तसा नियम आहे. अंगात ताप नको, स्वतःच्या पायाने चालता यायला हवं. आता कळलं ना, अधीक्षकांनी चहा का पाजला? इथे वीस वर्षांत फाशी झालेली नाही. तेही बिचारे घाबरलेत, पण माणूस खाटेवर मेला असता तर चौकशी लागली असती.

मी ते नऊ दिवस कशासाठी बसलो, हे चहा पिताना समजलं असं लिहिणार होतो. ते खरं नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. श्वास अडकलेला माणूस समोर आला की हात आपोआप चालतात, एवढंच.

वहिनीशी काही झालेलं नाही. ती म्हणते, रजा टाक आणि ठमीकडे जाऊन ये.

दादा


२७ जून

दादा,

तुझं पत्र तळघरात उघडलं आणि खळ वाळून गेली तरी कळलं नाही.

तुला कोर्टाचा व्हरांडा आठवतो का? सोळा वर्षं झाली. मला तर कालच्यासारखं आठवतंय. ह्यांनी त्या मेकॅनिकची तक्रार लिहिली होती, पिऊन कामावर येतो म्हणून. शनिवारी दुपारी तो बसडेपोत ह्यांच्याकडे आला. भांडारात दोघंच होते. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मोठा पाना होता. न्यायाधीशांनी जन्मठेप दिली, आणि तू माझा दंड धरून सगळ्यांच्या देखत म्हणालास, 'हा कसला न्याय? मला द्या दोर, मी ओढतो.'

मी ते वाक्य उशाशी घेऊन झोपत होते, दादा. कितीतरी दिवस. बाकी सगळे 'धीर धर, धीर धर' करत होते, तू एकटा माझ्या बाजूने बोललास.

आणि आता तुला एका माणसाच्या फुप्फुसांचं वाईट वाटतंय. त्या सहा वर्षांच्या लेकराच्या फुप्फुसांत काय गेलं असेल? त्याच्या शेजारी कुणी खुर्ची टाकून बसलं होतं का?

तुझं काम बरं करण्याचं. ते तू केलंस. पुढचं तुझं नाही. त्यांच्या हाती सोपव आणि झोप.

ठमी


१० ऑगस्ट

दादा,

सहा आठवडे झाले. तू रागावला असशील तर तसं लिही, मी ऐकून घेईन. ऑफिसात फोन केला होता, पण 'डॉक्टर वॉर्डात आहेत' ह्यापलीकडे काही कळलं नाही. तुमच्या त्या फोनला चार कान असतात, म्हणून निरोप ठेवला नाही.

मी तुला एवढं तोडून का लिहिलं, ते सांगते. मेकॅनिक सुटला आहे. मार्चमध्येच. पूर्ण शिक्षा भोगून, चांगल्या वागणुकीचा कागद घेऊन. आणि तो आमच्या ग्रंथालयात येतो. रोज सकाळी दहाला वाचनकक्षात, खिडकीकडच्या टेबलावर, वर्तमानपत्रं वाचायला. पहिल्या दिवशी मी पाठमोरा पाहिला आणि मानेवरून ओळखला. कोर्टात तीन वर्षं त्या मानेकडेच बघत बसले होते. केस पांढरे झालेत.

मागचं दार त्यासाठी. वळशाचं निमित्त होतं.

कुणाला सांगितलं नाही. ग्रंथपालबाईंना सांगितलं तर त्या त्याला येऊ देणार नाहीत. मला ते हवंय की नको, हेच कळत नाही. मग तुझं पत्र आलं, आणि तू ज्याला बरं केलंस त्याच्या जागी मला हाच दिसायला लागला.

ठमी


१९ ऑगस्ट

ठमे,

मार्चपासून तू हे एकटीने पोटात ठेवलंस? मी येऊ का? ग्रंथपालबाईंशी मी बोलतो, तुझं नाव मध्ये न आणता. तू फक्त 'ये' म्हण.

मी रागावलो नव्हतो. तुला काय लिहू हे समजत नव्हतं, कारण मी एक गोष्ट करत होतो आणि ती तुला सांगायची लाज वाटत होती.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात रंगाऱ्याच्या वकिलाने वरच्या कोर्टात एक शेवटचा अर्ज टाकला. सुनावणी लागायला वेळ होता आणि इकडे तारीख पडायची घाई. माझ्याकडून फक्त 'प्रकृती ठीक' एवढं हवं होतं. मी तक्त्यावर ताप लिहिला. अंगात साडेअठ्ठ्याण्णव, कागदावर शंभर पूर्णांक चार. दुसऱ्या दिवशी एकशे एक. मग 'क्षयाची शंका' असं लिहून त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. सहा आठवडे रोज संध्याकाळी मी खोटं लिहितोय. कंपाउंडरला कळलंय. तक्ता हातात घेतला की तो उगाच खोकतो.

एकतीस वर्षांत मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता. तुझ्या जखमेवर मीठ चोळण्यासाठी हे केलं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात मी जे बोललो ते खरं बोललो होतो. फक्त तेव्हा दोर माझ्या हातात येईल असं वाटलं नव्हतं.

आता पुढचं ऐक. गेल्या सोमवारी तपासायला गेलो तर तो म्हणाला, 'डॉक्टरसाहेब, मला ताप नाही ना?'

मी म्हटलं, 'नाही.'

'मग पोरीला का परत पाठवलं?'

मला काही कळेना. फाटकावर जाऊन विचारलं. पहारेकरी म्हणाला, 'संसर्गाच्या रुग्णाला भेट बंद, तुमचीच सही आहे, साहेब.' त्याची मुलगी, आता एकोणीस वर्षांची, दोन वेळा येऊन गेली. पाच तासांचा बसचा प्रवास. दोन्ही वेळा फाटकावरून परत.

मी त्याला सांगितलं की ताप काढला तर तारीख पडेल.

तो म्हणाला, 'ती पडायचीच आहे, साहेब. पोरगी आठ वर्षांत पहिल्यांदा आली.'

मी काय करू ते सांग. चिडून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

दादा


२६ ऑगस्ट

दादा,

येऊ नकोस. म्हणजे माझ्याकडे ये, चार दिवस राहा, पण त्याच्यासाठी नको. तो भाग मी माझ्या हाताने उरकलाय.

शुक्रवारी काउंटरवरची मुलगी जेवायला गेली होती म्हणून मी वर बसले होते. समोर कुणीतरी अर्ज ठेवला. मान वर केली तर तो. त्यानेही मला ओळखलं. हात टेबलावरून मागे घेतला, पण अर्ज तसाच राहिला.

मी विचारलं, 'काय हवंय?'

'सभासद व्हायचं होतं. पुस्तक घरी न्यायला.'

अर्जावर ओळखीच्या माणसाची सही लागते. ती जागा कोरी होती. मी म्हटलं, 'सही कुणाची?'

'कुणी देत नाही.'

'मीही देणार नाही.'

तो म्हणाला, 'बरोबर आहे.' अर्ज घडी करून खिशात घातला आणि परत खिडकीपाशी जाऊन पेपर वाचत बसला.

एवढंच झालं. काउंटरवरच्या मुलीने येऊन विचारलं, 'ताई, बरं वाटत नाही का?' मी म्हटलं, खळीचा वास चढलाय. सोळा वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात किती वेळा फासावर चढवलं असेल, त्याला गणती नाही. पण त्यातल्या एकाही वेळी त्याने माझ्याकडे बघून 'बरोबर आहे' म्हटलं नव्हतं. मला ते ऐकायचं होतं, हे मला माहीतच नव्हतं. आणि ऐकून पोट भरलं असंही नाही.

मागचं दार बंद केलं. आता पुढून जाते.

तू ताप काढ. मी त्याच्यावर दया करून हे सांगत नाही, उगाच तसा अर्थ लावू नकोस. तो मला अजूनही नको आहे. पण त्या पोरीला तू का अडवतोस? तिचं घर गेलं, तिची माणसं गेली, आता जो उरलाय तो तुझ्या कागदामागे लपलाय. तुझ्या मनात चांगलं होतं हे मला कळतं. तिला त्याचं काय?

ठमी


२२ सप्टेंबर

ठमे,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तक्त्यावर 'ताप नाही' लिहिलं. कंपाउंडर खोकला नाही.

गुरुवार हा भेटीचा दिवस, वीस मिनिटं. मीच लिहिलेल्या क्षयाच्या शंकेमुळे डॉक्टर हजर असावा असा शेरा आला, म्हणून तिन्ही भेटींना मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. नको ते ऐकावं लागलं, पण आता ऐकलंय.

पहिल्या गुरुवारी ती काहीच बोलली नाही. वीस मिनिटं त्याच्या हातांकडे बघत बसली. तो 'अभ्यास कसा चाललाय' एवढं म्हणाला. मला वाटलं, आता ही परत येत नाही.

दुसऱ्या गुरुवारी वही घेऊन आली. बसल्या बसल्या विचारलं, 'आई ओरडली होती का?'

तो म्हणाला, 'हो.'

'काय ओरडली?'

'तुझं नाव. तू आत आहेस असं तिला वाटलं असावं.'

'तू कुठे होतास?'

'रस्त्याच्या पलीकडे.'

तिने ते सगळं वहीत लिहून घेतलं. मी एवढी वर्षं मरणारी माणसं पाहिली, पण मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तिसऱ्या भेटीत तिने धाकट्या भावाबद्दल विचारलं. ते मी लिहीत नाही. बाहेर आल्यावर तिला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. मला राहवलं नाही, विचारलं, 'तुला काय वाटतं, त्याला फाशी व्हावी का?' असला प्रश्न विचारायचा मला काय अधिकार, पण तोंडातून निघून गेला.

ती म्हणाली, 'मामा म्हणतो व्हावी. वकील म्हणतो होऊ नये. मला दोघंही सारखे विचारत असतात. मला अजून त्याला खूप विचारायचं आहे, डॉक्टर. निम्मी वही राहिली आहे.'

ह्या गुरुवारी तिची परीक्षा आहे. एक ऑक्टोबरला येते म्हणाली.

काल हुकूम आला. वकिलाचा अर्ज नामंजूर. तारीख एक ऑक्टोबर, सकाळी सहा.

मी अधीक्षकांकडे गेलो. म्हटलं, मुलीला कळवा, आधी येऊन भेटू दे. ते म्हणाले, मामाच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र आजच गेलंय, नियमाप्रमाणे. ती राहते त्या वसतिगृहाचा पत्ता कुणाकडेच नाही.

आज दुपारी मी दाखला लिहिला. उंची, मानेचा घेर, वजन. वजनावरून दोराची लांबी ठरते. जूनपासून त्याचं वजन चार किलोंनी वाढलंय. ते मी वाढवलंय, दूध आणि औषधं लिहून देऊन. सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

सकाळी तिथे हजर राहायचं की रजा टाकायची ते ठरलेलं नाही. दुसरा डॉक्टर मागवता येतो. पण तो त्याला ओळखत नाही.

दादा


२७ सप्टेंबर

दादा,

हे पत्र वेळेत पोचेल का माहीत नाही. जा की जाऊ नको, हे मला सांगता येत नाही. दोन्ही लिहून पाहिलं, दोन्ही खोडलं.

तू सही केलीस म्हणून मी तुला बोल लावत नाही. खोटा ताप लिहिलास तेव्हाही लावला नव्हता. तिथे बसल्यावर माणूस काय करील हे इथून सांगणं सोपं आहे. मी जूनमध्ये सांगितलंच होतं की.

आज मेकॅनिक आला होता. चष्म्याची काडी मोडलीय, दोऱ्याने बांधलीय. मला कीव आली नाही. काडी दिसली, एवढंच. पूर्वी त्याच्याकडे बघितलं की मला पानाच दिसायचा.

एक तारखेला सकाळी मी जागी असेन. तू तिथे असलास तरी आणि नसलास तरी.

ठमी


३ ऑक्टोबर

ठमे,

मी गेलो.

पाच वाजता शेवटची तपासणी केली. दोन्ही फुप्फुसं अगदी स्वच्छ. मे महिन्यात ज्या जागी खरखर ऐकू यायची तिथे मी उगाच दोनदा नळी लावली. त्याने शर्टाची बटणं लावताना विचारलं, 'आज गुरुवार ना?' मी म्हटलं, 'हो.' म्हणाला, 'ती अकराला येते.' मग आम्हाला दोघांनाही समजलं की तिला निरोप मिळालेला नाही. मिळाला असता तर ती काल आली असती.

मी विचारलं, 'काही सांगायचंय तिला?'

त्याने शेवटचं बटण लावलं. मग म्हणाला, 'मी आपणहून काय सांगू? ती विचारायची, मग मला आठवायचं.'

चालत गेला. कुणाला धरावं लागलं नाही. अधीक्षकांचा चेहरा त्याच्यापेक्षा पांढरा होता. पुढचं सगळं पटकन झालं, आणि मग माझं काम उरलं, ठोके थांबेपर्यंत नळी लावून उभं राहायचं. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होतो. मला त्या अकरा मिनिटांत ते जळलेलं घर आठवायचा प्रयत्न करायचा होता, मुद्दाम. त्या चार माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर आणायचे होते. आले नाहीत. मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही. ह्याला पाहिलं होतं.

मग कागदावर वेळ लिहिली.

पावणेअकराला पहारेकरी मला बोलवायला आला. 'साहेब, ती आलीय. मला सांगवत नाही.' बाकावर वही मांडीवर घेऊन बसली होती. परीक्षा चांगली गेली म्हणाली. मी शेजारी बसून सांगितलं.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, 'पण आज गुरुवार आहे.' थोड्या वेळाने पुन्हा तेच.

पत्र मामाला मिळालं होतं. परीक्षा बिघडू नये म्हणून त्याने ते कपाटात ठेवलं. संध्याकाळी त्याचा इथे फोन आला तेव्हा हे कळलं. त्याचेही आईबाप त्या आगीत गेले, त्यामुळे परीक्षेचं निमित्त किती खरं ते मला माहीत नाही. मी त्याला काही बोललो नाही. मी कोणत्या तोंडाने बोलणार? सात आठवडे मी हेच तर केलं होतं. ते सात गुरुवार तिला मिळाले असते तर वही संपली असती.

जाताना तिने विचारलं, 'त्याने काही सांगितलं का?'

मला खोटं बोलता आलं असतं. एक वाक्य, तिच्या जन्माला पुरेल असं. माझं खोटं बोलून झालं होतं, ठमे. मी त्याने जे म्हटलं तेच सांगितलं.

तिने वही उघडून मला दाखवली. राहिलेल्या निम्म्या वहीत उजवीकडची पानं प्रश्नांनी भरलेली, डावीकडची उत्तरांसाठी कोरी. म्हणाली, 'हे आता कुणाला विचारू?'

तिने वही मिटली. ती बसथांब्याकडे गेली. मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय. वहिनी बॅगा भरतेय, गुडघ्याला न जुमानता. पंधरा तारखेनंतर तुझ्याकडे येतो.

दादा


१४ ऑक्टोबर

दादा,

दोघंही या. पुढची खोली रिकामी केलीय. खाली झोपायची सोय आहे, वहिनीला जिना चढावा लागणार नाही.

तुझं पत्र आल्यापासून त्या पोरीची वही डोळ्यांपुढून हलत नव्हती. चार दिवस मी पुस्तक शिवायला घ्यायची आणि टाके चुकायचे. तिच्या जागी मी असते तर, असं म्हणायचीही सोय नाही. मी तिच्या जागी नाही. माझा माणूस रोज सकाळी दहाला येऊन बसतो.

काल वर गेले. वाचनकक्षात चारच माणसं होती. त्याच्या समोरची खुर्ची ओढली, तसा तो उठायला लागला. मी म्हटलं, 'बसा.'

तो बसला. मी विचारलं, 'भांडारात तुम्ही दोघंच होतात. ते काय बोलले?'

त्याने पेपरची घडी घातली, मग चष्मा काढून पेपरवर ठेवला. मला वाटलं टाळेल. म्हणाला, 'आधी म्हणाले, तू आज घरी जा, सोमवारी आपण दोघं मिळून साहेबांकडे जाऊ. तक्रार मागे घ्यायची त्यांची तयारी होती. मला ते खोटं वाटलं.'

ह्यांचं बोलणं असंच असायचं, दादा. घरीही भांडण झालं की सोमवारवर ढकलायचे.

मी म्हटलं, 'आणि नंतर?'

'नंतर पाणी मागितलं.'

'दिलंत?'

'नाही. बादली तिथेच होती. मी बघत उभा राहिलो.'

एवढ्या वर्षांत डॉक्टर, पोलीस, वकील सगळे म्हणाले होते की ह्यांना काही समजलंच नसेल, क्षणात झालं. मी त्यावर विश्वास ठेवला होता. आता ते गेलं. मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. वाईट वाटतंय, पण ते ह्यांचं काहीतरी आहे आणि ते माझ्याकडे आलंय.

तो रडला नाही, माफी मागितली नाही. मागितली असती तर मी उठून गेले असते. शेवटी त्यानेच विचारलं, 'अजून काही विचारायचंय?'

मी म्हटलं, 'आज नाही.'

ठमी